आधी खाडी, मग रॉड

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून चौघं मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेऊन निघणार, अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत, सहा दिवस. चौघांपैकी एकानेही आजवर गरी पाण्यात टाकलेली नाही. मासेमारीच्या सामानाला बारा हजार बाजूला काढलेत. दुकानदाराने बारा फुटी सर्फ रॉड, ८००० साइजचं रील आणि चाळीस लुअरचा, म्हणजे नकली चाऱ्याचा, एक डबा दाखवलाय. घ्यावं का?

नको. सामान वाईट आहे म्हणून नव्हे, तुमच्या वाटेवर त्याचा उपयोग नाही म्हणून. बारा फुटी रॉड असतो तो लांबलचक पुळणीवर उभं राहून, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जड शिसं फेकायला. ते शिकायला एक अख्खा मोसम जातो, आणि दिवसभर तो रॉड धरून नवख्याचे खांदे भरून येतात ते वेगळंच. आधी तुम्ही थांबणार कुठे ते बघा.

हा सागरी रस्ता दर तीस-चाळीस किलोमीटरवर एका खाडीपाशी येऊन अडतो. रेवदंड्याला कुंडलिका पुलावरून ओलांडता. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीवर फेरीबोट, दाभोळ-धोपावे वाशिष्ठीवर, तवसाळ-जयगड शास्त्री नदीवर. पुढे भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गाला वाघोटन, देवबागला कर्ली. पर्यटक या फेरीबोटींच्या रांगेत वैतागतात. गरवणाऱ्या माणसाला मात्र ही सगळी खाडीची तोंडं म्हणजे वाढलेलं ताट. ओहोटीला, म्हणजे आमच्याकडच्या सुकतीला, खाडीतली बारकी मासळी आणि कोळंबी पाण्याबरोबर खाली येते आणि मोठा मासा ओढीच्या कडेला, संथ पाण्यात तोंड करून उभा असतो. ती कड काठापासून वीस-तीस मीटरवर असते, कित्येकदा दहावर. तिथे बारा फुटी रॉडने सत्तर मीटर फेकलंत तर माशाच्या डोक्यावरून पलीकडे गेलात.

म्हणून रॉड आठ फुटी, फार तर नऊ. दोन तुकड्यांचा, मीडियम, १० ते ४० ग्रॅम वजन फेकणारा. आठ फुटीचा एक तुकडा चार फुटांचा होतो आणि गाडीच्या मागच्या सीटखाली आडवा बसतो. टेलिस्कोपिक रॉड दिसायला फार सोयीचा, बॅगेत मावतो, स्वस्तही मिळतो. मी सुरुवातीला तोच घेतला होता. तिसऱ्या दिवशी वेळणेश्वरला सांध्यात वाळू गेली, वर खारं पाणी सुकलं, आणि तो ना उघडेना ना मिटेना. परत येताना खिडकीतून बाहेर काढून आणला. रस्त्याच्या प्रवासाला दोन तुकड्यांचाच बरा. निव्वळ कार्बनचा हलका रॉड पण घेऊ नका. गाडीच्या दारात एकदा सापडला की संपला. फायबर मिसळलेला थोडा जड असतो, पण मार खातो.

दुकानात दोन गोष्टी करा. रॉड जोडून एका डोळ्याने बंदुकीसारखा बघा, दोरी ज्यांतून जाते त्या सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. मग कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवा. कापूस कुठे अडकला, तंतू ओढला गेला, तर आतल्या चिनी मातीला चीर आहे. अशी कडी डोळ्याला दिसत नाही, पण दोन दिवसांत दोरी कापून टाकते. दुकानदार हसेल, हसू द्या.

पैसे रॉडपेक्षा रीलवर जरा जास्त घाला. ४००० साइजचं स्पिनिंग रील पुरे. शिमानो, डायवा यांची खालच्या किमतीतली मॉडेलं चांगली चालतात. देशी बाजारातल्या पायोनियरचीही नवख्याला पुरेशी आहेत. डब्यावर 'बारा बेअरिंग' लिहिलेलं वाचून भुलू नका. खाऱ्या पाण्यात चार नीट बेअरिंग बारा गंजक्यांपेक्षा बरी. हँडल धरून मागे-पुढे हलवून बघा, खडखड नको. एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: फेकून झालं की वरची तार, जिला बेल म्हणतात, ती हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही. हँडलने बंद केली की दोरीला पीळ पडत जातो आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या रीलवर चिमणीचं घरटं तयार होतं.

आता ड्रॅग. नवख्यांचे मासे बहुतेक इथेच सुटतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. मासा जोरात पळाला तर रीलने दोरी सोडली पाहिजे, नाहीतर दोरी तुटणार. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा जोर लागला की ती सुटायला हवी, असा हिशेब. तुमच्या दोऱ्या सात ते नऊ किलोच्या असतील, म्हणजे साधारण दोन किलोला. यासाठी यंत्र नको. पाण्याची दोन लिटरची भरलेली बाटली घ्या, दोरीचं टोक तिच्या गळ्याला बांधा, रॉड बाजूला ठेवून नुसतं रील हातात धरून बाटली सरळ वर उचला. बाटली लगेच जमिनीवर बसली तर ब्रेक ढिला. हवेत तशीच लटकत राहिली तर घट्ट. उचलल्यावर क्षणभर थांबून कुरकुर आवाज करत सावकाश खाली उतरली की बरोबर. ही खूण करून ठेवा, आणि मासा लागल्यावर घाबरून ती ब्रेकची चकती फिरवू नका. माझ्यासमोर जयगडच्या जेटीवर एका पोराने तीच चकती करकचून आवळली आणि हाताएवढी तांबोशी दोरीसकट गेली. पोरगा माझाच होता, त्यामुळे पुढचं लिहीत नाही.

दोरीबद्दल दुकानात दोन पंथ भेटतील. ब्रेडवाले आणि तंगूसवाले. ब्रेड म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा. चौघांत दोन रॉड घेणार असाल, आणि बारा हजारांत तेवढेच नीट येतात, तर एकावर ब्रेड भरा आणि एकावर तंगूस. हा मधला मार्ग म्हणून सांगत नाही, त्याला कारण आहे. अलिबागपासून साधारण हरिहरेश्वरपर्यंत पाणी गढूळ. तिथे मासा वासावर येतो, म्हणजे चारा लावून बसायचं काम. त्याला ०.३५ मिलिमीटरचं साधं तंगूस उत्तम: स्वस्त, थोडं ताणलं जाणारं, गुंता झाला तरी सुटणारं, बोटं न कापणारं. रत्नागिरीच्या खाली पाणी निवळत जातं, आणि देवगड-मालवणला डिसेंबरात तळाचा दगड दिसावा इतकं स्वच्छ असतं. तिथे मासा डोळ्याने शिकार करतो, म्हणजे लुअरची पाळी. लुअर सारखं फेकून ओढायचं, तर बारीक, न ताणणारी ब्रेड दोरी हवी. वीस पौंडाची, दीडशे मीटर.

ब्रेडचे तीन नखरे सांभाळा. ती नुसती गुंडाळली तर रीलच्या चकतीवर सगळीच्या सगळी घसरते, म्हणून आधी खाली थोडं तंगूस भरून मग ती. चकतीच्या काठापासून दोन मिलिमीटर कमी भरा, काठोकाठ भरलीत तर फेकताना वेटोळीच्या वेटोळी बाहेर येतात. आणि कातळावर कालवं असतात. त्यांच्या शिंपल्याला ब्रेड नुसती घासली तरी सुतासारखी तुटते. म्हणून पुढे दोन हात लांबीचा तीस पौंडी तंगुसाचा लीडर जोडायचाच. या दोन दोऱ्या जोडायची डबल युनी गाठ घरी टीव्हीसमोर बसून वीस वेळा मारा. जेटीवर वाऱ्यात ती पहिल्यांदा मारायला घेतलीत तर सूर्य मावळेल.

गरी बांधायला एकच गाठ पुरते, पालोमर. दोरी दुहेरी करून गरीच्या नेढ्यातून ओवायची, सैल साधी गाठ मारायची, पुढे जो फास उरतो त्यातून अख्खी गरी पार करायची, थुंकी लावून ओली करायची आणि सावकाश ओढायची. कोरडी ओढली तर घर्षणाने दोरी जळते. बोटाखाली ती खरखरीत लागली तर कापून टाका, पुन्हा बांधा.

गरीच्या नंबराचा घोळ सगळ्यांचा होतो. ८, ६, ४, २, १ असा आकडा उतरत जातो तशी गरी मोठी होते. १ नंतर १/०, २/० असं चढत जाताना आणखी मोठी. तुम्हाला दोनच पाकिटं हवीत. मुडदुशीसारख्या बारक्या तोंडाच्या माशाला ६ नंबर, बाकी सगळ्याला १/०. गरीच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. एखाददुसरा मासा सुटेल, पण मित्राच्या कानात घुसलेली गरी दवाखान्याशिवाय निघेल. चौघं नवखे एका अरुंद जेटीवर फेकणार, म्हणजे हा प्रसंग 'जर' नसून 'कधी' आहे.

शिसं मधोमध भोक असलेलं, २०, ३० आणि ४० ग्रॅमची चार-चार. मुख्य दोरीत ते मोकळं ओवायचं, पुढे स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी जोडकडी, त्याच्यापुढे हातभर दोरी आणि गरी. मासा चारा ओढतो तेव्हा दोरी शिशातून नुसती सरकते, त्याला वजन कळत नाही. रायगडाकडे उधाणात पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. म्हणून वर ४० ग्रॅमचं शिसं जिथे टिकत नाही, तिथे खाली २० चालून जातं.

लुअर चाळीस नकोत. वीस-तीस ग्रॅमचे दोन मेटल जिग (धातूचे जड लुअर), तीन-चार इंची रबरी मासे पाचसहा आणि त्यांना बसणारे जिगहेड (शिशाच्या डोक्याच्या गऱ्या), एक पॉपर (पाण्यावर उडवत ओढायचा लुअर). झालं. पहिल्या दिवशी यातले निम्मे कातळात अडकून राहणारच आहेत.

चाऱ्याला पैसे घालवू नका, पण शिळा चारा वापरू नका. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तिथे कोळंबी, तारली किंवा बांगडा वाट्यावर मिळतो. बांगड्याच्या करंगळीएवढ्या पट्ट्या कापा, जाड मिठात खारवून डब्यात घाला. दोन दिवस बर्फाशिवाय टिकतात आणि गरीवर घट्टही बसतात. मऊ कोळंबी मात्र शिवणाच्या दोऱ्याने दोन वेढे देऊन गरीला बांधावी लागते, नाहीतर हवेतच निसटते. डबा डबल झाकणाचा घ्या. डिकीत बांगड्याचं पाणी सांडलं तर गाडी विकेपर्यंत आठवण राहील.

दोन रॉड, माणसं चार. उरलेल्या दोघांसाठी हातगरी. प्लास्टिकच्या चकतीवर किंवा रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेलं तीस-चाळीस मीटर तंगूस, टोकाला शिसं, गरी. किनाऱ्यावरच्या कुठल्याही मासेमारीच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते. हिला हसू नका. आमचे आजे-पणजे हिच्यावरच घर चालवत. बोटाला मासा टोचतोय की खेकडा कुरतडतोय हे रॉडपेक्षा हातगरीत लवकर कळतं, आणि जेटीवर सरळ खाली सोडायची असेल तर माझी स्वतःची पसंती आजही हातगरीलाच.

एवढं सामान घेऊन चुकीच्या वेळी गेलात तर रिकामे परताल. वेळ काढायची आमची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला भरती. एकदा पहाटे, आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा दुपारी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधीच लागते, आणि मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. गरवायला चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास आणि सुकतीचा पहिला तास सोन्याचा. आता गंमत बघा. अमावस्या-पौर्णिमेला भरती साडेअकरा-बाराला, ऐन उन्हात. सप्तमी-अष्टमीला ती पहाटे पाच-सहाला, पण तेव्हा भांग असतो, पाण्याला जोरच नसतो. दशमी-एकादशीला भरती साडेसात-सव्वाआठला येते, म्हणजे तांबडं फुटल्यापासून पाणी चढतंच आहे. तुमच्या सहा दिवसांत या तिथ्या येत असतील तर त्या सकाळी झोपू नका. इतर दिवशी दहाला उठून पोहे खा.

कातळावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. जो दगड ओला आहे तिथपर्यंत लाट येतेच, मग आत्ता येत नसली तरी. आणि भरतीला पुढून पाणी येतं तसं मागची वाटही बुडते. आलात ती वाट दर अर्ध्या तासाने वळून बघा. चप्पल नको, खोलवर नक्षी असलेले बूट हवेत. लाइफ जॅकेट दोन तरी गाडीत असू द्या, कातळावर रॉड धरणाऱ्याच्या अंगात. सामानाच्या यादीत हे आधी लिहा. बारा हजारांत बसत नसेल तर दुसरं रील कमी किमतीचं घ्या.

गढूळ खाडीत तुमचा पहिला मासा बहुधा शिंगाळा असेल. मिशाळ, चिकट, गुरगुरणारा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना एकेक असा काटा असतो, करवतीसारखा आणि विषारी. त्याला हातात धरायचंच नाही. जाड फडक्याखाली दाबून लांब नाकाच्या पकडीने गरी फिरवून काढा. आत गेली असेल तर दोरी कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. उष्णतेने ते विष निकामी होतं आणि ठणका उतरतो. मग डॉक्टर गाठाच, काट्याचा तुकडा आत राहू शकतो. याचसाठी मी गाडीत गरम पाण्याचा थर्मास ठेवतो. नाही लागला तर चहा होतो. पाकटाच्या शेपटीलाही हाच उपाय. अंग फुगवणारा केंड गरीला लागला तर परत सोडा, तो विषारी आहे, कुणी कितीही आग्रह केला तरी खायचा नाही.

वीतभर पिल्लंही सोडा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलंय ते उगीच नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकू नका. त्यापेक्षा देवबागच्या बाजूला कर्लीच्या काठी बसा, तीही गावात विचारून.

विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर त्या पुळणीवर फेकू नये, पाण्यात जाळ्यांचे बोये तरंगताना दिसले तर त्यांच्यापासून लांब राहावं, आणि फेरीबोट धक्क्याला लागत असताना दोरी वर घ्यावी. पुलावरून तर कुणीच गरवू नये, गाड्या धावत असतात. जेटीवर जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्याला आधी रामराम करा, मग "काका, काय गावता काय?" एवढंच. तो आधी तुमच्या बुटांकडे बघेल, मग रॉडकडे, आणि मान न उचलता बोट दाखवून म्हणेल, "थय नको, हय टाका." दुकानातल्या कुठल्याही डब्यापेक्षा ते बोट जास्त कामाचं.

निघायच्या आधीच्या रविवारी शाळेच्या मैदानावर जा आणि गरी न लावता नुसत्या शिशाने तासभर फेकून बघा. फेकण्याआधी मागे बघायची सवय तिथेच लागते.

आणि रोज संध्याकाळी मुक्कामी पोचलात की आंघोळीआधी रील. ड्रॅग घट्ट करून मगाने गोडं पाणी हळू ओता. नळाची जोराची धार नको, बादलीत बुडवणं तर नकोच, खार आत शिरतो. फडक्याने पुसा, दोरी ज्या बारीक चाकावरून वळते तिथे तेलाचा एक थेंब, मग ड्रॅग पूर्ण सैल करून रात्रभर पंख्याखाली ठेवा. रॉडच्या कड्या आणि सांधा ओल्या फडक्याने पुसा, पकड विसरू नका, ती सगळ्यात आधी गंजते. पहिल्या रात्री चौघंही दमलेले असाल आणि 'उद्या करू' म्हणाल. म्हणून पाळी आत्ताच लावून घ्या. ज्याने दिवसभर हातगरी धरली त्याला त्या रात्री सुट्टी.